नकाशावरचा ठिपका आणि त्याची ओळख



ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आपल्या शाळेच्या मैदानातही पाणी भरले होते, हे आपणां सर्वांना आठवत असेलच. बडोदे शहरातील पाणी ओसरू लागले, रस्ते मोकळे झाले, तरी आपल्या मैदानातील पाणी काही हटेना. पावसाळी गटाराचे झाकण उघडले की पाण्याला वाट मिळेल, एवढे सर्वांना कळत होते. पण झाकण नेमके कुठे आहे, हे मात्र कोणालाच सांगता येईना. कार्यालयातील जुन्या फायली चाळल्या. एक निळा, घड्यांवर फाटलेला नकाशा सापडला. त्यावर इमारत होती, गटार नव्हते. अखेरीस आपल्या निवृत्त शिपाईकाकांना घरून बोलावून आणले. गुडघाभर पाण्यात उभे राहून त्यांनी काठीने तळ चाचपला आणि म्हणाले, "इथं बघा." झाकण तिथेच होते.

विश्वस्त मंडळाच्या पुढील सभेत एका विश्वस्तांनी साधाच प्रश्न विचारला. आज काका आहेत म्हणून निभावले, उद्या काय? काकांच्या डोक्यात असलेली शाळा कागदावर कधी उतरणार? याच सुमारास शाळेत पावसाच्या पाण्याची भूमिगत टाकी बांधण्याचा विचारही चालू होता. त्यासाठी आर्किटेक्टना मैदानाचा खरा, आजचा नकाशा हवाच होता. मग शिक्षक-पालकांची चार जणांची समिती आणि इयत्ता नववीचे विद्यार्थी अशा आम्ही सर्वांनी मिळून हे काम हाती घेतले. ते करताना आमची जी फजिती झाली आणि तिच्यातून जे शिकायला मिळाले, ते या लेखात मांडत आहोत. विषय थोडा तांत्रिक आहे. पण नववीचा भूगोल आणि भूमिती ज्याला येते, त्याला तो नक्की समजेल.

आधी मोजणी

काकांना सोबत घेऊन आम्ही दोन रविवार मैदान पालथे घातले. एकूण ५२ जागा निघाल्या: ३१ झाडे, १४ चेंबरची झाकणे, पाण्याचे ४ व्हॉल्व्ह, अर्थिंगचे २ खड्डे आणि एक विहीर. ही विहीर आमच्यापैकी बहुतेकांना ठाऊकच नव्हती. ती फरशी टाकून बंद केलेली आहे आणि वर मातीचा थर बसला आहे. काका शाळेत रुजू झाले, तेव्हा तिचे पाणी वापरात होते.

प्रत्येक जागेची नोंद विद्यार्थ्यांनी तक्त्यात केली: क्रमांक, प्रकार, नाव, झाड असल्यास बुंध्याचा घेर, चेंबर असल्यास खोली, मोजणीची पद्धत, तारीख आणि माहिती कोणी सांगितली. शेवटचे दोन-तीन रकाने काही मुलांना फालतू वाटले होते. ते का महत्त्वाचे ठरले, हे पुढे येईलच.

जागा नोंदवायला सुरुवातीला मोबाईलच वापरला. मोबाईल उपग्रहांच्या संदेशांवरून आपले अक्षांश आणि रेखांश सांगतो. परंतु त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. मोकळ्या आकाशाखाली साध्या मोबाईलची चूक साधारण ५ मीटरपर्यंत असू शकते. दाट झाडाखाली किंवा भिंतीलगत ती आणखी वाढते. झाडाच्या बाबतीत हे एक वेळ चालेल, कारण झाड डोळ्यांना दिसते. पण जमिनीखालच्या झाकणासाठी ५ मीटरची चूक म्हणजे ५ मीटर उगाच खोदकाम.

म्हणून झाकणे, व्हॉल्व्ह, अर्थिंगचे खड्डे आणि विहीर अशा २१ जागा आम्ही वेगळ्या रीतीने मोजल्या. सर्वेक्षणाचे काम करणाऱ्या एका पालकांनी आपले यंत्र आणून मैदानाच्या कडेला दोन ठिकाणी पक्के खिळे ठोकून दिले आणि त्यांची अचूक स्थाने काढून दिली. मग विद्यार्थ्यांनी टेप धरून प्रत्येक झाकणाचे पहिल्या खिळ्यापासूनचे आणि दुसऱ्या खिळ्यापासूनचे अंतर मोजले. दोन खिळ्यांमधले अंतर ठाऊक, दोन बाजू मोजलेल्या. तीन बाजू दिल्या असता त्रिकोण काढा, हीच ती आपली शाळेतील रचना! दोन कंस दोन ठिकाणी छेदतात, त्यातला मैदानाच्या बाजूचा छेद घ्यायचा. भूमिती कशाला शिकायची, असे विचारणाऱ्या मुलांना त्या दिवशी परस्पर उत्तर मिळाले.

ठिपके आले, ओळख हरवली

तक्ता तयार झाला. आता तो आर्किटेक्टच्या संगणकात गेला पाहिजे. त्यांच्याकडे ऑटोकॅड हे रेखाटनाचे सॉफ्टवेअर आहे. आमच्यापैकी एकाने क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तक्ता उघडला, तो डीएक्सएफ या स्वरूपात साठवला आणि पाठवून दिला. डीएक्सएफ ऑटोकॅडमध्ये उघडते, त्यामुळे काम फत्ते झाले असे आम्हांला वाटले.

चार दिवसांनी आर्किटेक्टच्या कार्यालयातून टाकीचा पहिला आराखडा आला. तो पाहून आमच्यातील एक पालक एकदम म्हणाले, "अहो, ही टाकी विहिरीवर बसली आहे!" खरोखरच तसे झाले होते. आराखड्यात आमचे ५२ ठिपके होते, पण सगळे सारखे. कडुनिंब कोणता, चेंबर कोणता, विहीर कोणती, काहीच कळत नव्हते. ड्राफ्ट्समनने विचारले होते, "हे ठिपके कशाचे?" आणि फोनवर कोणीतरी सांगितले होते, "झाडं आहेत." मोकळ्या जागेतील एकटा ठिपका त्यांना लहानसे झाड वाटला. टाकीसाठी ते काढता येईल, असे त्यांनी गृहीत धरले. यात त्यांचा दोष नव्हता. आम्ही त्यांना जागा पाठवल्या होत्या, पण त्या कशाच्या आहेत ते पाठवलेच नव्हते.

जुन्या, बुजलेल्या विहिरीवर खोदाई सुरू झाली असती तर काय झाले असते, याचा विचारही नको. मैदान मुलांचे आहे.

असे का झाले?

याचे कारण समजून घेऊ. भूगोलाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक ठिपका म्हणजे तक्त्यातील एक ओळ असते. ठिपक्यावर टिचकी मारली की ती संपूर्ण ओळ समोर येते: नाव, घेर, तारीख, सर्व काही. रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तसे नाही. ऑटोकॅडची पहिली आवृत्ती १९८२ मध्ये आली, ती ड्रॉइंग बोर्डावरचे काम संगणकावर आणण्यासाठी. तेथे साधा 'पॉइंट' म्हणजे फक्त तीन अंक: आडवा, उभा आणि उंची. त्या ठिपक्याला नाव लिहायला जागाच नाही. आम्ही ज्या साध्या मार्गाने डीएक्सएफ बनवले, त्या मार्गाने ठिपके पलीकडे जातात आणि माहितीचे रकाने वाटेतच गळून पडतात. पत्र पोचले, पण पत्त्याशिवाय पाकिटात काहीच नाही, असा प्रकार!

शिवाय ऑटोकॅडमध्ये हा पॉइंट मुळात एका बारीक ठिपक्यासारखा दिसतो. 'पीडीमोड' ही सेटिंग बदलली, तर तो फुलीसारखा किंवा वर्तुळासारखा दिसू लागतो. पण त्याने आकार बदलतो, ओळख मिळत नाही.

मग रेखाटनात माहिती कशात राहते? 'ब्लॉक'मध्ये. ब्लॉक म्हणजे एकदा काढून ठेवलेले चिन्ह, जे रबरी शिक्क्यासारखे हवे तिथे उमटवता येते. या शिक्क्यात आपण रिकाम्या जागा ठेवू शकतो. त्यांना 'ॲट्रिब्यूट' म्हणतात. शाळेच्या दाखल्यावर 'नाव', 'जन्मतारीख' या शब्दांपुढे रिकामी जागा असते, तसेच हे आहे. शिक्का उमटवताना प्रत्येक वेळी त्या जागा वेगवेगळ्या माहितीने भरायच्या. म्हणजे आपल्याला ठिपके पाठवायचे नसून, ५२ भरलेले दाखले पाठवायचे होते.

अंश नव्हे, मीटर

माहितीकडे वळण्याआधी जागेचा प्रश्न सोडवावा लागतो. मोबाईल जागा अंशांत सांगतो. आपली शाळा साधारण २२.३ उत्तर अक्षांश आणि ७३.२ पूर्व रेखांश येथे आहे. ऑटोकॅड मात्र सपाट कागद मानतो. त्याला अंश दिले, तरी तो त्यांना साधे अंकच समजतो. यात तीन चुका संभवतात आणि आम्ही त्यातल्या दोन केल्या.

पहिली चूक क्रमाची. आपण बोलताना आधी अक्षांश म्हणतो, मग रेखांश. मोबाईलही बहुधा तसेच दाखवतो. परंतु आलेखावर आधी आडवा अंक लागतो, म्हणजे रेखांश, आणि मग उभा, म्हणजे अक्षांश. हा क्रम उलटला तर आपली शाळा ७३ उत्तर अक्षांश आणि २२ पूर्व रेखांशावर जाते, म्हणजे नॉर्वेच्याही उत्तरेला समुद्रात! आमचा सर्वांत जुना कडुनिंब पहिल्या प्रयत्नात तिथेच उगवला होता. मुले पोट धरून हसली.

दुसरी चूक अंश तसेच वापरण्याची. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे ११० किलोमीटर. तेव्हा १०० मीटरचे मैदान एका अंशाच्या हजाराव्या भागातच मावते. दशांशचिन्हानंतर चारच अंक दाखवणाऱ्या ऑटोकॅडमध्ये शेजारशेजारच्या झाडांचे आकडे एकसारखेच दिसतात. त्यातही, आपल्या अक्षांशावर एक अंश रेखांश सुमारे १०३ किलोमीटरच भरतो, कारण रेखावृत्ते ध्रुवाकडे जवळ येत जातात. त्यामुळे अंश जसेच्या तसे काढले, तर चौरस मैदान पूर्व-पश्चिम सुमारे सात टक्के ताणलेले दिसते.

यावर उपाय म्हणजे यूटीएम ही पद्धत. हिच्यात पृथ्वीचे ६-६ अंश रुंदीचे ६० पट्टे केले आहेत आणि प्रत्येक पट्ट्यात जागा मीटरमध्ये सांगतात. पट्टा काढण्याचे गणित तोंडी करता येते: रेखांशात १८० मिळवा, ६ ने भागा आणि पुढची पूर्ण संख्या घ्या. आपल्यासाठी २५३.२ भागिले ६ म्हणजे ४२.२, म्हणून पट्टा ४३. गोवा, बेळगाव आणि इंदूरही याच ४३ व्या पट्ट्यात येतात. ग्वाल्हेर आणि हैदराबाद मात्र ७८ रेखांशाच्या पूर्वेला असल्यामुळे ४४ व्या पट्ट्यात जातात. त्या शहरांतील आपल्या शाळाबंधूंनी हे काम केल्यास एवढा फरक ध्यानात ठेवावा. पट्टा चुकीचा सांगणे, ही तिसरी चूक; ती आम्ही सुदैवाने टाळली. ४३ ऐवजी ४४ सांगितला असता, तर आपली शाळा ६ अंश पूर्वेला सरकून मध्य प्रदेशात छिंदवाड्याच्या परिसरात गेली असती.

यूटीएममध्ये आपल्या शाळेचे आकडे साधारण असे येतात: पूर्वेकडे ३ लाख १३ हजार मीटर आणि उत्तरेकडे २४ लाख ६७ हजार मीटर. पट्ट्याच्या मधल्या रेषेला, म्हणजे ७५ रेखांशाला, ५ लाख हा अंक दिलेला असतो, म्हणून तिच्या पश्चिमेला असलेल्या आपल्याला ५ लाखांपेक्षा कमी अंक मिळतो. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणताना अंतरात थोडी चूक येतेच. पण मधल्या रेषेपासून साधारण १८० किलोमीटर दूर ती जवळजवळ नाहीशी होते, आणि बडोदे नेमके तेवढ्याच अंतरावर आहे. एका किलोमीटरला फरक जेमतेम तीन सेंटीमीटरचा! आपल्या मैदानासाठी तो शून्यच म्हणायचा.

हे रूपांतर क्यूजीआयएस करून देते. तक्ता उघडताना 'एक्स' म्हणून रेखांश, 'वाय' म्हणून अक्षांश सांगायचे आणि पद्धत म्हणून ४३२६ हा क्रमांक निवडायचा. बाहेर काढताना ३२६४३ हा क्रमांक निवडायचा. तो उत्तर गोलार्धातील ४३ व्या पट्ट्याचा आहे. जुन्या सरकारी नकाशांवरून अंक घेणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. ते नकाशे एव्हरेस्ट या जुन्या मापनपायावर आधारलेले असतात. मोबाईलच्या पायाशी त्यांचा मेळ न घालता अंक वापरले, तर जागा बऱ्याच मीटरांनी सरकते.

तक्त्यातून शिक्के

आता मुख्य काम. आर्किटेक्टच्या ड्राफ्ट्समनसोबत बसून आम्ही एक ब्लॉक तयार केला: एक छोटे वर्तुळ आणि त्यात सहा ॲट्रिब्यूट. क्रमांक तेवढा डोळ्यांना दिसणारा. प्रकार, नाव, माप, पद्धत आणि तारीख हे अदृश्य ठेवले. त्यामुळे छापील कागदावर गर्दी होत नाही आणि संगणकावर टिचकी मारली की सर्व माहिती दिसते.

हा शिक्का ५२ वेळा हाताने उमटवायचा, तर चुका होणारच. त्यासाठी ऑटोकॅडमध्ये 'स्क्रिप्ट' ही सोय आहे. स्क्रिप्ट म्हणजे साधी मजकुराची फाइल. आपण जे एकेक करून टाइप केले असते, ते तिच्यात आधीच लिहून ठेवायचे. एका ठिपक्यासाठी क्रम असा: 'इन्सर्ट' हा आदेश (त्याच्या आधी एक आडवी रेघ, म्हणजे खिडकी न उघडता काम होते), ब्लॉकचे नाव, पूर्व आणि उत्तर अंक स्वल्पविरामाने जोडून, दोन्ही दिशांना मोजमाप १, वळण ०, आणि त्यानंतर सहा ॲट्रिब्यूटची माहिती. तक्त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सूत्र लिहून ते खाली ओढले की ५२ जागांचा मजकूर आपोआप तयार होतो.

यात काही खाचखळगे आहेत. ते येथे नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढच्याचा वेळ वाचेल:

१. स्क्रिप्टमध्ये प्रत्येक रिकामी जागा मोजली जाते, कारण स्पेस म्हणजे बहुतेक ठिकाणी एंटर. एक जादा स्पेस पडली, की पुढचा सगळा क्रम एका घराने सरकतो.

२. 'ओस्नॅप' बंद करूनच स्क्रिप्ट चालवावी. नाहीतर ठिपका आपल्या अंकावर न बसता जवळच्या एखाद्या रेषेच्या टोकाला जाऊन चिकटतो. हाताने अंक टाइप करताना हा त्रास सहसा होत नाही, म्हणून तो लक्षातही येत नाही. आमची दोन झाडे अशीच एका खांबात जाऊन बसली होती.

३. ब्लॉक बनवताना ॲट्रिब्यूट ज्या क्रमाने एकेक करून निवडले, त्याच क्रमाने ऑटोकॅड माहिती विचारतो. सगळे एकदम चौकटीत पकडले, तर क्रम वेगळाच येऊ शकतो आणि मग घेराच्या जागी तारीख जाते.

४. ॲट्रिब्यूटच्या शीर्षकात स्पेस चालत नाही.

५. नकाशा उघडल्यावर काहीच दिसत नसेल, तर घाबरू नये. आपले ठिपके शून्यापासून २४ लाख मीटर दूर आहेत. 'झूम एक्स्टेंट्स' केले की ते समोर येतात.

६. आर्किटेक्ट इमारत बहुधा मिलिमीटरमध्ये काढतात आणि आपले ठिपके मीटरमध्ये असतात. इमारत आधी एक हजारांश करून घ्यावी. मग खिळ्यांपासून मोजलेल्या दोन कोपऱ्यांच्या आधारे 'अलाइन' या आदेशाने ती जागेवर बसवावी. अलाइन करताना 'मोजमाप बदलू का?' या प्रश्नाला 'नाही' असेच उत्तर द्यावे.

ज्यांच्याकडे ऑटोकॅडचे नकाशासाठीचे 'मॅप थ्रीडी' हे साधन आहे, त्यांचे काम अधिक सोपे होते. त्यात 'मॅपइम्पोर्ट' या आदेशाने शेपफाइल सरळ आत घेता येते. ती आपल्या पट्ट्यात बदलूनही मिळते आणि कोणता रकाना कोणत्या ॲट्रिब्यूटमध्ये जावा, हे ठरवता येते. मात्र तेथे एक दुसरा पर्यायही दिसतो, 'ऑब्जेक्ट डेटा' नावाचा. त्याने माहिती नकाशात साठते खरी, पण साध्या ऑटोकॅडमध्ये ती पाहता येत नाही. आपल्याला दिसले म्हणजे पुढच्यालाही दिसेल, असे समजू नये. आपला नकाशा उद्या प्लंबरच्या, ठेकेदाराच्या, महापालिकेच्या कार्यालयातील माणसाच्या हातात जाणार आहे. म्हणून जिथे साधे ऑटोकॅड आहे तिथेही वाचता येईल, असा ब्लॉकचाच मार्ग घ्यावा.

मराठी नावांचे काय?

मुलांनी झाडांची नावे अर्थातच मराठीत लिहिली होती: कडुनिंब, आसोपालव, गुलमोहर, बोर. (आसोपालव हे आपल्या बडोद्याचे मराठी!) ही नावे संगणकात टिकवताना बराच त्रास झाला. तक्ता साध्या सीएसव्ही स्वरूपात साठवला, तर एक्सेल देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे ठेवतो. तेथे 'यूटीएफ-८' असा पर्याय निवडावा लागतो. शेपफाइलमध्ये रकान्याच्या शीर्षकाला फक्त १० घरे मिळतात. रोमन अक्षराला एक घर पुरते, पण देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक काना-मात्रा-अनुस्वाराला तीन-तीन घरे लागतात. म्हणजे 'झाड' नऊ घरांत बसते आणि 'उंची' बाहेर राहते! शिवाय ऑटोकॅडच्या स्वतःच्या जुन्या रेघांच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसतेच.

आम्ही त्यातून असा मार्ग काढला. नकाशातील ॲट्रिब्यूटमध्ये क्रमांक आणि रोमन लिपीतील छोटी नावे ठेवली. संपूर्ण मराठी नोंद एका वहीत आणि संगणकातील तक्त्यात ठेवली. दोन्हीकडे क्रमांक एकच. नकाशावरचा १७ म्हणजे वहीतला १७. ही वही कार्यालयात कोणालाही पाहता येईल. क्रमांक कधी बदलायचा नाही आणि झाड पडले तरी त्याचा क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही, असा नियम केला आहे. हजेरीपटासारखाच!

तपासणी

स्क्रिप्ट चालली म्हणजे काम झाले, असे नाही. आम्ही चार गोष्टी तपासल्या. पहिली, ५२ ओळींचे ५२ ब्लॉक आले का? दुसरी, दोन खिळ्यांमधले नकाशावरचे अंतर आणि टेपचे अंतर जुळते का? तिसरी, 'अ‍ॅटआउट' या साधनाने ब्लॉकमधील माहिती परत बाहेर काढून मूळ तक्त्याशी ताडून पाहिली. आणि चौथी सर्वांत महत्त्वाची: छापलेला नकाशा काकांच्या हातात दिला आणि कुठलेही पाच क्रमांक विचारले. काका नकाशा घेऊन चालत गेले. चार ठिकाणी बरोबर पोचले. पाचव्या ठिकाणी थांबून म्हणाले, "हे झाड इथं नाही, ते पलीकडचं." तपासल्यावर कळले, की मोबाईलने नोंदवलेल्या दोन शेजारच्या झाडांची अदलाबदल झाली होती. दोन्हींत चार मीटरचेही अंतर नव्हते.

येथेच तो 'मोजणीची पद्धत' हा रकाना उपयोगी पडला. ज्या ठिपक्यापुढे 'मोबाईल' लिहिले आहे, तो ५ मीटर इकडेतिकडे असू शकतो. ज्यापुढे 'टेप' लिहिले आहे, तिथे बिनधास्त फावडे मारा. नकाशावर दोन्ही ठिपके सारख्याच आत्मविश्वासाने बसलेले दिसतात. कोणावर किती विसंबायचे, हे फक्त त्यांच्या सोबतची माहिती सांगते. आणि 'माहिती कोणी सांगितली' या रकान्यात २१ पैकी १९ ठिकाणी काकांचे नाव आहे. ही त्यांची सेवापुस्तिकाच म्हणा ना!

नवीन नकाशा आर्किटेक्टकडे गेला, तेव्हा ड्राफ्ट्समनने विहिरीच्या चिन्हावर टिचकी मारली आणि माहिती वाचून दाखवली. टाकीची जागा आता आराखड्यात मैदानाच्या दुसऱ्या बाजूला सरकवली आहे आणि विहिरीभोवती मोकळी जागा राखून ठेवली आहे. विहीर साफ करून पुन्हा वापरात आणावी, अशी सूचनाही एका विश्वस्तांनी केली आहे. त्याचा निर्णय पुढे होईल.

काही पालकांनी विचारले होते, की असा नकाशा करायला सरकारी परवानगी लागते का? फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशाविषयीचे नियम बरेच सैल केले. त्यानंतर आपल्यासारख्या भारतीय संस्थांना अशा कामासाठी आगाऊ परवानगीची गरज राहिलेली नाही.

विद्यार्थी मित्रांनो, यंदाच्या नववीवर एक जबाबदारी येत आहे. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीपूर्वी नकाशा घेऊन मैदानात फिरायचे, नवीन झाड लावले असेल तर त्याला नवा क्रमांक द्यायचा आणि पडलेल्या झाडापुढे तारीख लिहायची. काका म्हणाले आहेत, की पहिल्या वर्षी ते सोबत येतील. मात्र आपल्या घरी, आपल्या वाड्यात किंवा पोळीत असे कोणी आजोबा-आजी असतील, ज्यांना ठाऊक आहे की नळाची जुनी लाइन कुठून जाते आणि आड कुठे बुजवला आहे, तर त्यांना या सुट्टीतच विचारा आणि लिहून घ्या. ठिपका नंतरही काढता येईल. त्याची ओळख सांगणारा माणूस मात्र नेहमी असतोच असे नाही.